गोलाध्यायांतील पाताळ

गेल्या हिवाळ्यांत साक्रीस जाण्याचा योग आला. कान नदीच्या कांठच्या त्या गांवीं एका स्नेह्याच्या घरीं बैठक जमली होती, आणि बोलण्याचा विषय होता भास्कराचार्य. खानदेशांत हा विषय निघाला म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजास आपोआप चढ येतो. कारण चाळीसगांवजवळचें पाटण याच मुलखांत आहे. एका तरुण वक्त्यानें मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, न्यूटनच्या आधीं पांचशें वर्षें आमच्या आचार्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा शोध लाविला. न्यूटननें काय तें फळ पडतांना पाहिलें. टाळ्या झाल्या. मींहि वाजविल्या. त्या थांबल्यावर मागें भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारलें, "सर, पृथ्वी ओढते हें समजलें. पण मी विहीर खोदायला साठ-सत्तर फूट खालीं उतरतों, तेव्हां माझें वजन वाढतें कीं घटतें?"

वक्ता माझ्याकडे पाहूं लागला. तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविण्याचा परिणाम असा होतो कीं, प्रश्न पुरता कानीं पडण्यापूर्वींच उत्तर तोंडांत तयार असतें. "घटतें," मी म्हणालों, "केंद्राकडे जावें तसतसें वजन कमी होत जातें आणि केंद्रांत तें शून्य होतें." वृद्धानें मान डोलाविली. परत येतांना धुळ्याच्या रस्त्यावर गाडींत बसल्या बसल्या मी तोच हिशेब मनाशीं करूं लागलों, आणि नेर येण्यापूर्वींच माझी खात्री झाली कीं, मीं त्या माणसास चुकीचें उत्तर दिलें आहे. केंद्रांत वजन शून्य होतें हें खरें. पण वाटेंत तें सारखें घटतच जातें हें खरें नव्हे.

त्या संध्याकाळीं, म्हणजे, दोन चुका झाल्या. एक अभिमानाची, दुसरी पाठांतराची. पहिलीला टाळ्या मिळाल्या आणि दुसरीला मान्यता. पण दोहोंचें मूळ एकच आहे. ग्रंथाचें नांव घ्यावयाचें आणि ग्रंथ उघडावयाचा नाहीं, सूत्र म्हणावयाचें आणि तें कोणत्या अटीवर खरें आहे तें विचारावयाचें नाहीं, ही आपल्या सुशिक्षितांची जुनी खोड आहे. प्रायश्चित्त म्हणून मीं सिद्धांतशिरोमणीचा गोलाध्याय पुन्हां काढला आणि त्यांतील भुवनकोश हें प्रकरण, भक्ताच्या दृष्टीनें नव्हे, तर टीकाकाराच्या दृष्टीनें वाचलें. त्या वाचनांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

भास्कराचार्य शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ त जन्मले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० त, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि लिहिला. आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड, असें ते स्वतः सांगतात. तें नेमकें कोठें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पाटणचा संबंध मात्र शिलालेखानेंच सिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणलेल्या, शके ११२८ चा उल्लेख असलेल्या त्या लेखांत आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथें मठ स्थापल्याचें, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास देणगी दिल्याचें नमूद आहे. खानदेशानें अभिमान बाळगावयाचाच तर या मठाचा बाळगावा. आजोबांची मूर्ति न बसवितां आजोबांचीं पुस्तकें शिकविण्याची सोय करणारा नातू आपल्या इतिहासांत वारंवार भेटत नाहीं.

आतां ग्रंथाकडे वळूं. भुवनकोशाचा आरंभींचा युक्तिवाद हा मला संस्कृत शास्त्रीय वाङ्मयांतील एक उत्कृष्ट युक्तिवाद वाटतो. पृथ्वी कशावर टेकली आहे, हा जुना प्रश्न. शेषावर म्हणावें तर शेष कशावर? त्याला आणखी एक आधार द्यावा तर त्या आधाराला दुसरा. ही सांखळी कोठें तरी तोडावीच लागणार. मग शेवटच्या आधारास स्वतःच्या शक्तीनें राहतां येतें असें मानावयाचें, तर तीच शक्ति पहिल्यानेंच पृथ्वीस कां देऊं नये? अग्नीच्या ठायीं उष्णता, पाण्याच्या ठायीं द्रवता, दगडाच्या ठायीं काठिण्य, तशी पृथ्वीच्या ठायीं स्थिरता स्वभावतःच आहे, असें आचार्य म्हणतात. पुढें ते पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख करितात: आकाशांतील जड पदार्थ पृथ्वी आपल्याकडे ओढून घेते आणि आपणांस तो पडतांना दिसतो, परंतु सर्व बाजूंनीं आकाश सारखेंच असल्यामुळें खुद्द पृथ्वीनें पडावें तरी कोठें? पृथ्वी सतत खालीं पडत आहे असें मानणाऱ्या बौद्धांना हें त्यांचें उत्तर आहे.

यापुढचा भाग तर त्याहून सुंदर आहे. गोलाच्या पलीकडच्या बाजूस राहणारीं माणसें आपल्या मानानें खालीं डोकें वर पाय अशीं असतात, नदीकांठीं उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाण्यांतील प्रतिबिंबासारखीं; तरी तीं तेथें तितकींच निर्धास्त असतात जितके आपण येथें. 'वर' आणि 'खालीं' हे शब्द निरपेक्ष नसून पृथ्वीच्या मध्याच्या अनुरोधानें घ्यावयाचे आहेत, हें एवढ्या एका उपमेनें वाचकाच्या गळीं उतरतें. पृथ्वी गोल असून सपाट कां दिसते, तर परिघाचा शंभरावा भागहि सपाटच भासतो; हेंहि असेंच सोपें आणि बिनतोड. पदार्थविज्ञानाचें पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकानें हीं पानें शैलीसाठीं तरी वाचावींत.

मग न्यूटनच्या आधीं न्यूटन, हें म्हणणें बरोबर आहे काय? मला तसें वाटत नाहीं, आणि तसें न म्हटल्यानें आचार्यांचें कांहींएक कमी होत नाहीं. पृथ्वी जड पदार्थ ओढते ही कल्पना भास्कराचार्यांचीहि पहिली नव्हे, इ. स. ६२८ त ब्रह्मगुप्तानें ती मांडलेली आहे. न्यूटनची थोरवी 'ओढते' हें सांगण्यांत नाहीं. किती ओढते, अंतराबरोबर तें कसें बदलतें, आणि फळाला ओढणारी तीच शक्ति चंद्राला कक्षेंत धरून ठेवते, हें सिद्ध करण्यांत आहे. भुवनकोशांत आकर्षण हें पृथ्वीच्या आधाराच्या प्रश्नावरील उत्तर आहे. त्याचें मापन हा तेथें प्रश्नच नाहीं. ज्यानें जो प्रश्न विचारलाच नाहीं, त्याला त्याच्या उत्तराचें श्रेय देणें हा गौरव नव्हे. ती न वाचतां दिलेली प्रशस्ति होय.

टीकाकाराला खरोखर अडखळविणारी जागा याच प्रकरणांत थोडी पुढें आहे. तेथें पाताळें येतात. पृथ्वीच्या पोटांत थरावर थर असे सात पाताळलोक असून तेथें नाग आणि असुर राहतात. सूर्याचा प्रकाश तेथें पोंचत नाहीं, नागांच्या फणांवरील रत्नांचा उजेड पडतो. वर्णन मनोहर आहे. पण नुकताच ज्यानें पलीकडच्या गोलार्धांतील माणसाचे पाय कोणीकडे आणि डोकें कोणीकडे हें इतक्या काळजीनें सांगितलें, तो पृथ्वीच्या पोटांतील नागाविषयीं तोच प्रश्न विचारीत नाहीं! त्या नागाला 'खालीं' कोणतें? त्याच्या पायांखालीं आहे तेवढीच पृथ्वी त्याला ओढते, कीं डोक्यावरची पृथ्वीहि वर ओढते? दोन्ही ओढीत असतील तर जिंकतें कोण? पृष्ठभागावर इतका सावध असलेला युक्तिवाद जमिनीच्या आंत एक हातहि उतरत नाहीं.

हें कसें झालें असावें? आचार्यांना पुराणांची भीड होती, असें एका वाक्यांत सांगून मोकळें होतां येत नाहीं. कारण याच प्रकरणांत पृथ्वीच्या आधाराची कथा त्यांनीं निर्भयपणें बाजूस सारिली आहे, आणि दोन सूर्य मानणाऱ्या जैनांचीहि गय केलेली नाहीं. माझा तर्क निराळा आहे. जें मत गणिताच्या आड येतें तें आचार्य खोडून काढतात. जें आड येत नाहीं तें राहूं देतात. पृथ्वी सपाट मानली तर ग्रहणांत चंद्रावर पडणारी गोल छाया साधत नाहीं. पृथ्वी पडत आहे असें मानलें तर वर फेंकलेला दगड परत येण्याचें गणित बसत नाहीं. पण पाताळांत सात लोक असोत कीं सत्तर, त्यानें एकाहि ग्रहणाची एक पळहि वेळ चुकत नाहीं. ज्या जागेला वेधाची किंवा गणिताची गरज भासली नाहीं, त्या जागीं वर्णन शिल्लक राहिलें. जेथें युक्तिवाद थांबतो तेथून कविता सुरू होते. यांत दोष कवितेचा नाहीं, पण सीमा कोठें आहे हें वाचकानें ओळखलें पाहिजे.

ती सीमा ओलांडली न्यूटननें. इ. स. १६८७ च्या त्याच्या ग्रंथांत याविषयीं दोन सिद्धांत आहेत. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पोकळ, सगळीकडे सारख्या जाडीचा गोल कल्पावा. त्याच्या आंत कोठेंहि ठेवलेल्या वस्तूवर त्या गोलाचें एकंदर आकर्षण शून्य होतें. जवळच्या बाजूचा थोडा भाग जोरानें ओढतो, दूरच्या बाजूचा पुष्कळ भाग हळू ओढतो, आणि दोन्ही ओढी तंतोतंत तुटतात. म्हणजे पृथ्वींत खोल उतरलेल्या माणसानें आपल्या वरचे सगळे पापुद्रे हिशेबांतून काढून टाकावे. पायांखालचा गोल तेवढा उरतो. नागाचा प्रश्न येथें सुटला. दुसरा सिद्धांत असा कीं, सर्व गोल एकाच घनतेचा असेल तर आंत उतरतांना आकर्षण केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणांत घटत जातें.

'एकाच घनतेचा असेल तर', हे चार शब्द आपल्या शाळांच्या पुस्तकांतून वहीत उतरतां उतरतां गळून पडतात, आणि मग शिक्षक फळ्यावर लिहितो तें सूत्र पृथ्वीचें सूत्र म्हणून मुलांच्या डोक्यांत बसतें. माझ्या डोक्यांत तें असेंच बसलें होतें. ज्यूल व्हर्नच्या भूगर्भप्रवासाच्या कादंबरींतील प्रवासीहि वाटेंत हेंच बोलतात: खालीं उतरावें तसें वजन घटत जाणार. ती कादंबरी निघाली इ. स. १८६४ त; आणि तिच्या आधीं बरोबर दहा वर्षें एका इंग्रज ज्योतिषानें खाणींत उतरून याच्या उलट घडतें हें मोजून दाखविलें होतें.

तो ज्योतिषी म्हणजे एअरी. त्याच्या खटाटोपाची हकीकत मोठी चटका लावणारी आहे. इ. स. १८२६ त तो कॉर्नवॉलच्या एका तांब्याच्या खाणींत लंबक घेऊन उतरला. उपकरणांची पेटी वर काढतांना तींतील पेंढ्यानें पेट घेतला आणि सगळें गेलें. दोन वर्षांनीं पुन्हां गेला, तों दरड कोसळून खाणींत पाणी भरलें. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं, इ. स. १८५४ त, हार्टनच्या कोळशाच्या खाणींत त्याला यश आलें. एक लंबक वर, एक १२५६ फूट खालीं, आणि दोहोंची वेळ विजेच्या तारेनें जुळविलेली. लंबकच कां, असा प्रश्न वाचकांस पडेल. तागडीनें हा फरक कधींच कळणार नाहीं. कारण खालीं वस्तु जितकी जड होईल तितकींच वजनेंहि जड होतील. लंबकाची गति मात्र आकर्षणावरच अवलंबून असते. खालचा लंबक दिवसाकाठीं सव्वादोन सेकंद पुढें जाऊं लागला! म्हणजे खालीं आकर्षण कमी नव्हे, तर सुमारें एकोणीस हजारांत एक भाग अधिक होतें. यावरून एअरीनें काढलेली पृथ्वीची सरासरी घनता, पाण्याच्या साडेसहा पट, ही खऱ्याहून बरीच अधिक निघाली, त्यापूर्वीं इ. स. १७९८ त कॅव्हेंडिशनें काढलेली ५.४८ पट हीच खऱ्याच्या अधिक जवळ होती. पण आकर्षण वाढतें, हें मूळ निरीक्षण अबाधित राहिलें.

हें कां घडतें तें अवघड नाहीं. खालीं उतरतांना एकाच वेळीं दोन गोष्टी होतात. आपण केंद्राच्या जवळ जातों, म्हणून ओढ वाढते. आणि वरचा पापुद्रा हिशेबांतून जातो, म्हणून ओढ घटते. पहिला लाभ अवघ्या पृथ्वीच्या सरासरी घनतेवर अवलंबून. दुसरी हानि आपण ज्या दगडांतून उतरतों त्याच्या घनतेवर. गणित केलें असतां असें निघतें कीं, आजूबाजूचा दगड पृथ्वीच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाहून हलका असेल तर लाभ हानीवर मात करितो. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.५१ पट, तिचे दोन-तृतीयांश म्हणजे ३.६७. आपला सह्याद्रीचा काळा दगड सुमारें २.९ आणि ग्रॅनाइट सुमारें २.७. तेव्हां महाराष्ट्रांत कोठेंहि खड्डा खणा, त्याच्या तळाशीं माणूस जडच होणार.

याचें उत्तम उदाहरण आपल्या घरींच आहे. कोयनेच्या परिसरांत १९६७ च्या डिसेंबरांत झालेल्या भीषण भूकंपानंतर तेथील भूगर्भाचा अभ्यास चालूं राहिला, आणि अलीकडे कराडच्या संशोधन-केंद्रामार्फत गोठणें येथें सुमारें तीन किलोमीटर खोल भोंक पाडण्यांत आलें. तें काम २०१७ त पुरें झालें. तेथें पहिले सुमारें सव्वा किलोमीटर काळा दगड लागला आणि त्याखालीं ग्रॅनाइटी जातीचा पुरातन खडक. तें भोंक वीतभर रुंद. त्यांत माणूस उतरत नाहीं. पण उतरला असें क्षणभर धरूं. साठ किलो वजनाचा माणूस तळाशीं पोंचला तर शाळेचें सूत्र म्हणतें, त्याचें वजन अठ्ठावीस ग्रॅमांनीं घटावें. वर सांगितलेल्या घनता घेऊन मीं केलेला ठोकळ हिशेब म्हणतो, तें सुमारें चौदा ग्रॅमांनीं वाढेल. सूत्राची नुसती रक्कमच चुकली असती तर तें क्षम्य होतें. येथें दिशाच चुकली आहे.

आणि याहून खोल गेलें तर? भूकंपाच्या लहरींनीं पृथ्वीचें पोट आतां पुष्कळसें उघड केलें आहे. इ. स. १९८१ त झिवोन्स्की आणि अँडरसन यांनीं त्या लहरींवरून पृथ्वीचा जो नमुना बांधला, त्याप्रमाणें आकर्षण पृष्ठभागावर ९.८ असतें, सुमारें पावणेसातशें किलोमीटरांवर तें दहाला पोंचतें, मग किंचित् उतरतें, पुन्हां चढतें आणि २८९१ किलोमीटरांवर, जेथें खडक संपून वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो तेथें, १०.६८ इतकें कमाल होतें. कारण स्पष्ट आहे: हा गाभा आकारानें पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढा, पण वजनानें जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. आपला साठ किलोंचा प्रवासी येथें पासष्ट किलोंहून जड झालेला असतो. शाळेच्या सूत्रानें तो तेहतीस किलोंचाहि उरला नसता. गाभ्यांत शिरल्यावर मात्र उतार लागतो, आणि केंद्रांत सर्व ओढी एकमेकींस तोडून शून्य उरतें. पृथ्वीच्या आरपार पाडलेल्या काल्पनिक बोगद्यांतून पडणाऱ्यास पलीकडे पोंचण्यास बेचाळीस मिनिटें लागतात, असें पाठ्यपुस्तकें पिढ्यान् पिढ्या सांगत आलीं. २०१५ त क्लॉट्झ या संशोधकानें खऱ्या घनता घालून हिशेब केला तेव्हां तीं अडतीस भरलीं. इतकीं वर्षें तीं चार मिनिटें कोणास खटकलीं नव्हतीं.

येथें मला भुवनकोशांतील पाताळाची आठवण होते. आचार्यांच्या पाताळांत नागांचीं रत्नें होतीं. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या पाताळांत एकाच घनतेची, सफरचंदाच्या गरासारखी पृथ्वी आहे. दोन्ही वर्णनें सुबक आहेत, दोन्ही गणिताच्या आड येत नव्हतीं म्हणून राहिलीं, आणि दोन्ही ठिकाणीं आंत उतरून पाहण्याची गरज भासली नव्हती. फरक इतकाच कीं, आचार्यांपाशीं आंत पाहण्याचें साधन नव्हतें, आमच्यापाशीं आहे. तेव्हां बाराव्या शतकांतील ग्रंथास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि त्यावर खोटें श्रेय लादण्याचाहि नाहीं.

प्राचीन ग्रंथांविषयीं तोलून बोलणें खानदेशास अपरिचित नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलांत कांहीं वर्षें अध्यापक होते. १८९६ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत प्रत्येक ग्रंथ स्वतः वाचून, गणित स्वतः करून मग मत देण्याची जी शिस्त आहे, तीच खरी देशभक्ति असें मला वाटतें. भास्कराचार्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधिला नाहीं. त्यांनीं 'वर' आणि 'खालीं' या शब्दांचा अर्थ एका अख्ख्या समाजाला समजावून दिला. हें लहान काम आहे असें ज्यास वाटेल, त्यानें तें एकदां वर्गांत करून पहावें.

साक्रीच्या आसपास जमिनींतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात कीं, भेगांतून वर चढलेला शिलारस तेथेंच थिजून त्या झाल्या. धुळें-नंदुरबार भागांतील त्या समूहांतील सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटर भरली आहे. पाताळ तेथें स्वतः होऊन वर आलें आहे, आणि गांवचीं पोरें त्यावर शेळ्या चारतात. त्या दगडांतून विहीर खणणाऱ्याचा प्रश्न आम्हां वक्त्यांच्या सर्व भाषणांहून मोलाचा होता, कारण आचार्यांनीं जेथें थांबविला आणि आम्हीं जेथें पाठ केला, तेथूनच त्यानें तो पुढें नेला.

धुळ्यास पोंचल्यावर मीं स्नेह्यास पत्र लिहिलें: "त्या वृद्ध गृहस्थांना सांगावें कीं, मीं सांगितलेलें उत्तर चुकीचें होतें. सत्तर फुटांवर त्यांचें वजन घटत नाहीं, वाढतें. बाजरीच्या सात-आठ दाण्यांइतकें. तागडींत तें दिसणार नाहीं." आठवड्यानें उत्तर आलें. निरोप पोंचविला होता. गृहस्थांनीं तो ऐकून घेतला, आणि विचारलें होतें कीं, तागडींत दिसत नाहीं तर सरांना कळलें कसें?

या लेखाची पहिली प्रत मीं त्यांनाच धाडणार आहें.